पाणी घट्ट करणारी काकी

आमच्याकडं आजाऱ्याला भेटायला कुणी रिकाम्या हातानं जात नाही. शहाळं नेतात. मानसिंगकाकांना अर्धांगवायूचा झटका आला आणि मिरजेच्या दवाखान्यातून ते घरी परतले, तेव्हा पहिल्या चार दिवसांत ओसरीवर एकवीस शहाळी जमली. विजयमालाकाकीनं त्यातलं एकही उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. दारात खुर्ची टाकून ती बसायची आणि येणाऱ्याच्या तोंडाआधी त्याचे हात बघायची.

"या, बसा. पर ते शहाळं भाईरच ऱ्हाऊ द्या."

"आगं, नारळाचं पाणी हाय ते. हलकं असतंय आजाऱ्याला."

"हलकं हाय, त्येचंच तर भ्या हाय."

नवऱ्याच्या दुखण्यानं विजयमालाचं डोकं फिरलं, असं म्हणत माणसं परत जायची. शहाळी वाया गेली नाहीत. त्या आठवड्यात माझी तब्येत फार सुधारली.

काकीचं म्हणणं खरं होतं. झटक्यातून काकांचे हातपाय सावरले, जीभ जरा जड झाली तरी बोलणं परत आलं. बिघडला तो घसा. अन्न जिकडं जातं ती नळी आणि श्वास जिकडं जातो ती नळी, या दोन्हींच्या नाक्यावर एक झडप असते. आपण गिळताना ती श्वासाची वाट बंद करते. काकांची झडप आळशी झाली होती. मऊ भाताचा घास सावकाश जातो, त्यामुळं तिला उठायला वेळ मिळायचा. पाणी मात्र पळत सुटतं. झडप लागायच्या आत त्यातलं थोडं छातीत जायचं. दवाखान्यात असताना तसं ते एकदा गेलं आणि न्यूमोनिया झाला.

डॉक्टरांनी घरी सोडताना स्पष्ट सांगितलं होतं. आठ आठवडे छाती स्वच्छ राहिली, तर गिळण्याची पुन्हा तपासणी करू. मधेच न्यूमोनिया उलटला, तर तोंडावाटे खाणंपिणं बंद आणि पोटाला भोक पाडून नळी. ते ऐकून काकांनी भिंतीकडं तोंड केलं. चोवीस वर्षं फौजेत काढलेला सुभेदार माणूस, पण नळीच्या नावानं त्यांचा चेहरा उतरला. काकी एवढंच म्हणाली, "आठ आठवडं ना? बघू."

हा आठ आठवड्यांचा पहारा म्हणजेच ही गोष्ट.

दवाखान्यात दीपाली मॅडम होत्या. झटक्यानंतर बोलायला आणि गिळायला परत शिकवणं हे त्यांचं काम. त्यांनी काकीला एक पांढऱ्या भुकटीचा डबा दिला. मक्याच्या पिठासारखी भुकटी. पाण्यात, चहात, ताकात मिसळली की ते दाट होतं. आणि दिली एक सुई नसलेली सिरिंज, दहा मिलीची.

"मावशी, ही दहापर्यंत भरायची. खालचं तोंड बोटानं दाबून धरायचं. बोट काढलं की घड्याळात दहा सेकंद मोजायचे आणि बोट परत लावायचं. आत किती उरलं ते बघायचं. चार ते आठच्या मधे उरलं, तर सुभेदारांना द्यायचं. चारच्या खाली उरलं, तर ते पळणारं आहे. आठच्या वर उरलं, तर घशाच्या मागं चिकटून बसेल. दोन्ही नको."

काकीनं सिरिंज उलटसुलट करून पाहिली. "मॅडम, मी तीनशे मान्साची आमटी नजरंनं करती. मला पिचकारी कशाला?"

"तुमची आमटी कुणाच्या छातीत जात नाही, मावशी."

काकीनं आधारासाठी माझ्याकडं पाहिलं. तिची चूक झाली. मी साताऱ्याच्या एमआयडीसीत रंगाच्या कंपनीत आहे आणि माझं काम नेमकं हेच. बुडाला भोक असलेला एक कप असतो. त्यात रंग भरायचा, भोक मोकळं करायचं आणि कप किती सेकंदांत रिकामा होतो ते लिहायचं. जास्त वेळ लागला तर रंग दाट, कमी लागला तर पातळ. वस्तू कशी वाहते, दाबली-ओढली की तिचा आकार कसा बदलतो, याचं एक अख्खं शास्त्र आहे. त्याला रिऑलॉजी म्हणतात. डिप्लोमाला हा विषय मला दोनदा शिकायला मिळाला, कारण पहिल्यांदा मी नापास झालो.

हे सगळं मी काकीला सांगितलं. नापासाचं सोडून.

ती म्हणाली, "म्हंजी पगार घिऊन तू रंग गळताना बघतूस?"

"व्हय."

"आन् आईला सांगितलंस, इंजिनेर हाय म्हून."

काकीला सिरिंज का टोचली, ते कळायला तिची नजर ठाऊक पाहिजे. ती म्हसवडची. माणदेशातल्या मुलीला भरल्या घागरीतलं पाणी किती दिवस पुरेल हे बघूनच कळतं. लग्न होऊन ती उंब्रजजवळ आमच्या गावी आली, उसात आली. काका वर्षाला दोन महिने रजेवर यायचे. बाकीचे दहा महिने ऊस, गुरं, घर आणि भाऊबंद या सगळ्यांना ती एकटी पुरून उरली. घर बांधताना गवंड्यानं ओळंबा लावायच्या आधी ती लांबून सांगायची, "ती भित रुसलीया बग, डावीकडं." आणि ओळंबा तिच्या बाजूनं बोलायचा. उसाच्या ट्रॉलीकडं बघून ती वजन सांगायची. मुलगी बघायला गेली की वधूची उंची चप्पल वगळून सांगायची. अशा बाईच्या हातात एक प्लास्टिकची नळी देऊन, तुमच्या डोळ्यांवर भरवसा नाही, असं सांगणं म्हणजे पैलवानाला काठी टेकत चाल म्हणण्यासारखं होतं.

घरी आल्यावर तिनं पहिल्याच दिवशी तीन पेले पाणी नजरेनं दाट केलं. तिन्ही सारखेच, असं तिचं म्हणणं. मी घड्याळ धरलं. पहिल्या पेल्यातलं नऊ उरलं. दुसऱ्यातलं दोन. तिसरं सिरिंजमधून गळायलाच तयार नव्हतं.

तिनं तिन्ही पेले एकेक करून उजेडात धरून पाहिले. मला वाटलं, आता पिचकारी उकिरड्यावर जाणार. तिनं पेले ओतून दिले, पदर खोचला आणि म्हणाली, "परत."

त्या दिवशी दुपारपर्यंत आम्ही सतरा पेले केले. अठरावा सहावर थांबला.

पुढं तिला नादच लागला. भुकटी तीच, माप तेच, तरी दुधाला दाट व्हायला वेळ लागतो, हे तिनं दोन दिवसांत ओळखलं. गरम चहा पातळ वाटतो आणि निवता निवता दाट होतो, म्हणून चहा मोजायचा तो पिण्याइतका निवल्यावरच, हा नियम तिनं स्वतःच काढला. मी साताऱ्याला परतल्यावर एके दिवशी तिचा फोन आला.

"आरं, ह्ये ढवळलं की पातळ हुतंय. जरा ठिवलं की परत घट्ट. आसं कसं?"

"रंग पण तसाच असतोय काकी. ब्रश फिरवताना पातळ होतो, म्हणून पसरतो. भिंतीवर थांबला की घट्ट होतो, म्हणून ओघळत नाही. नुसतं पाणी तसं नसतंय. हळू ढवळा, जोरात ढवळा, पाणी आपलं पाणीच."

"आन् ती सासची बाटली? उलटी केली तरी हालत न्हाई ती?"

"तिला आधी एक धपाटा लागतो. तेवढा जोर बसल्याशिवाय सॉस जागचा हलतच नाही."

"आपल्यात बी हायत की तसली मान्सं," काकी म्हणाली. कोण, ते मी विचारलं नाही. मला वाटलं, मीच.

मग कढी मोजली गेली. शेजारची खीर मोजली गेली. दूधवाल्या धुळाच्या चरवीतलं दूध त्याच्यादेखत सिरिंजमधून सोडलं गेलं, आणि पाणी घातलंय का ते अशानं कळत नाही असं मी फोनवर ओरडून सांगेपर्यंत धुळाला घाम फुटला होता. दुसऱ्या दिवसापासून दूध सुधारलं म्हणे. शास्त्राचा असाही उपयोग होतो.

काकांना मात्र या शास्त्राचा राग होता. पाण्याचा घोट चमच्यानं भरवायचा आणि तोही पेजेसारखा. चहा पुढं आला की ते विचारायचे, "ह्यो प्यायचा का चावायचा?"

"गिळायचा," काकी म्हणायची. "हनुवटी खाली घ्या. हां. आता गिळा."

चोवीस वर्षं ती त्यांची वाट बघत होती. आता ते चोवीस तास समोर होते आणि त्यांना तहान लागली तरी भरलेला तांब्या पुढं करायची तिची प्राज्ञा नव्हती. रात्री ती त्यांच्या छातीवर हात ठेवून बसल्या बसल्या डोळा लावायची. छातीत घरघर झाली तर हाताला कळावी म्हणून.

चौथ्या आठवड्यात काकांना ठसका लागायला लागला.

सकाळी नाही, दुपारीच. सारखं सारखं मोजायला नको म्हणून त्या आठवड्यापासून काकी दोन वाजताच वाटगाभर पाणी दाट करायची, मोजायची, निम्मं भरवायची. उरलेलं झाकून फळीवर ठेवायची आणि साडेचारला तेच भरवायची. दोनला काही व्हायचं नाही. साडेचारला तिसऱ्या चमच्याला ठसका. एके दिवशी अंग थोडं तापलं. थर्मामीटर नव्याण्णवच्या वर गेला. काकीनं वाटग्यातलं उरलेलं पाणी सिरिंजमध्ये भरून बोट काढलं. दहा सेकंदांनी आत दीड उरलं होतं. दोन वाजता त्याच पाण्याचं सहा उरलं होतं.

म्हणजे वाटग्यात कुणीतरी पाणी ओतलं होतं.

दोन ते साडेचारच्या मधे काकी गुरांना वैरण घालायला मागं जायची. तेवढ्या वेळात घरात एकच माणूस यायचा. नाथाजी. काकांच्याच पलटणीतला हवालदार, आता काकांसारखाच निवृत्त. रोज यायचा, खाटेशेजारी बसायचा, दोघं मिळून जुन्या साहेबांची नक्कल करायचे.

काकीनं त्याला दारातच गाठलं.

"भावजी, खरं सांगा. वाटग्यात पाणी तुमी वतलं का?"

"कसलं पाणी?"

"ह्येंनी मागितलं आसंल. तुमाला दया आली आसंल."

"वहिनी! आवं, एका ताटात जेवलोय आमी. मी त्येच्या जिवावर उठीन?"

"एका ताटात जेवलाय, म्हून तर इचारती."

खाटेवरून काका म्हणाले, "त्येनं न्हाई वतलं."

"तुमी गप ऱ्हावा. तुमी बी सामील हाय."

नाथाजीनं टोपी डोक्यावर ठेवली आणि निघून गेला. काका भिंतीकडं वळले. दुसऱ्या दिवशी नाथाजी आला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. ताप नव्याण्णवच्या आसपास घुटमळत राहिला. आणि वाटग्यातलं पाणी? ते रोज पातळ होतच राहिलं.

काकीचा मला फोन आला. "रविवारी यी. पहारा द्यायचाय."

मी गेलो. आता तिचा संशय काकांवर होता. खाटेवरून उठून, भिंतीला धरून, ते स्वतःच तांब्या ओतत असावेत. मला तो बेत जरा शौर्याचा वाटला. काकीनं दोन वाटगे पाणी केलं. दोन्ही मोजले. दोन्ही सहावर. एक कपाटात ठेवून कुलूप घातलं, किल्ली कमरेला. दुसऱ्यातलं निम्मं काकांना भरवलं, वाटगा झाकला, फळीवर ठेवला, आणि त्याच्यासमोर मला बसवलं.

"डोळा लावायचा न्हाई."

अडीच तास मी एका झाकणाकडं बघत बसलो. रंगाच्या कंपनीतल्या माणसाला हे जड जात नाही. काही घडत नसलेल्या गोष्टीकडं बघत राहायचाच आम्हाला पगार मिळतो. काका खाटेवरून माझ्याकडं बघत होते. कुणी आलं नाही. कुणी उठलं नाही.

साडेचारला काकीनं किल्ली काढली. कपाटातल्या पाण्याचं सात उरलं, उलट थोडं दाटच झालेलं. फळीवरचं भरलं. दोनसुद्धा उरलं नाही.

"झोपला हुतास."

"नाही काकी. देवाशपथ."

"मंग काय भूत आलं?"

दोन वाटगे, एकच पाणी, एकच माप, एकच हवा. फरक एवढाच, की एकातलं काकांनी घेतलं होतं आणि एकातलं नाही. मी वाटग्याकडं पाहिलं. चमचा अजून आतच होता. मी दीपाली मॅडमना फोन लावला आणि आवाज मोठा केला.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला. "मावशी, भरवलेला चमचा परत त्याच वाटग्यात घालता?"

"मंग? दुसरा कशाला?"

"लाळ जाते ना त्याच्याबरोबर. ही भुकटी पिठाची आहे. लाळेचं कामच पीठ मोडायचं. भाकरीचा घास खूप वेळ चघळला की गोड लागतो, तो त्यामुळंच. वाटग्यात चार वेळा चमच्यावरून लाळ गेली की ती आत बसून पीठ मोडत राहते. तासा-दोन तासांत पाणी परत पातळ. थोडं थोडं वेगळं काढून भरवा, आणि उरलेलं ठेवू नका. आणि ताप दोन दिवसांत गेला नाही, तर थेट घेऊन या."

फोन बंद झाला. काकी खाली बसली.

"म्हंजी उष्ट्यानं झालं," ती म्हणाली.

हे दुसऱ्या कुणी केलं असतं तर समजलं असतं. पण काकीच्या स्वयंपाकघरात उष्टा चमचा भांड्यात गेला की भांडं बाहेर जातं. लहानपणी मी आमटीची चव बघून पळी परत पातेल्यात घातली होती, तेव्हा पातेलं म्हशीला गेलं आणि पळी माझ्या पाठीला. त्या बाईनं इतके दिवस रोज हेच केलं होतं.

"ह्येंचं उष्टं मला कवा उष्टं वाटलंच न्हाई रं," ती म्हणाली.

काका खाटेवरून बघत होते. तीन दिवसांत पहिल्यांदा ते तिच्याशी बोलले. "नाथाजीकडं जा आदी."

तिनं चपला घातल्या. मी मागोमाग गेलो. मला सोबत म्हणून कुणी बोलावलं नव्हतं, पण काकी माफी मागणार होती आणि ते आमच्या घराण्यात आजवर कुणी पाहिलेलं नव्हतं. नाथाजी ओट्यावर बसून शेंगा सोलत होता. आम्हाला बघून त्यानं मान वर केली नाही.

"भावजी, चोर घावला."

"कोण?"

"मीच."

तिनं लाळेचं, पिठाचं सगळं सांगितलं. नाथाजीनं सोलणं थांबवलं नाही. चार शेंगा सोलून झाल्यावर म्हणाला, "फौजेत ह्येला लय मोठी सजा हाय वहिनी."

"मंग द्या की."

"चहा पाजा."

"चला."

"पर घट्ट का पातळ, ते आदी सांगा."

काकी हसली. मला वाटतं, झटका आल्यापासून ती तेव्हाच पहिल्यांदा हसली.

त्या दिवसापासून पाणी छोट्या वाटीत वेगळं काढून भरवलं जाऊ लागलं. उरलं की ओतून दिलं जायचं. ओतताना काकीचा जीव तुटायचा, म्हसवडचं माणूस ते, पण ओतायची. नाथाजीला नवीन हुद्दा मिळाला. साडेचारचं माप त्यानं घ्यायचं आणि मोठ्यानं सांगायचं. तो खाडकन उभा राहून सांगायचा, "सहा, वहिनी!" सोमवारी ताप नव्याण्णव होता. मंगळवारी सकाळी काकीनं थर्मामीटर तीनदा लावला. तिन्ही वेळा अठ्ठ्याण्णव. बुधवारीही. त्यानंतर ताप आला नाही आणि ठसकाही लागला नाही.

आठवा आठवडा संपला, तसे आम्ही मिरजेला गेलो. मी रजा काढली. दवाखान्यात आधी छातीचा फोटो काढला. मग दीपाली मॅडम काकांना घेऊन बसल्या. बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला, घशावर हात ठेवला. आधी साध्या पाण्याचा एक चमचा. "आ म्हणा." मग दुसरा चमचा. "आ म्हणा." घशात पाणी अडून आवाज ओला होतो का, ते त्या ऐकत होत्या. मग पेल्यातून एक घोट, दोन घोट. प्रत्येक घोटाला काकांच्या आधी काकीच गिळत होती. शेवटी मॅडमनी अर्धा पेला हातात दिला आणि सलग प्यायला सांगितलं.

काकांनी पेला खाली ठेवला. मॅडमनी छातीला स्टेथोस्कोप लावला, पुढून, मागून. तेवढ्यात डॉक्टर फोटो घेऊन आत आले.

"छाती एकदम स्वच्छ आहे, सुभेदार. नळीचा विषय संपला."

काकी डॉक्टरांकडं न बघता मॅडमकडं वळली. "म्हंजी आता साधं पानी?"

"साधं पाणी. बसून, घोट घोट. आणि महिन्यानं एकदा दाखवून जा."

"साध्या पान्याचं पिचकारीत किती उरलं पायजे?"

"काहीच उरत नाही, मावशी."

"एक बी न्हाई?"

"एक बी नाही."

तिनं मान हलवली, दोन पावलं चालली आणि बाहेरच्या बाकावर एकदम बसली. काका कूलरपाशी गेले. पेला भरला, बाकावर तिच्याशेजारी येऊन बसून प्यायले, परत उठून दुसरा भरला.

"गार हाय," ती म्हणाली. "बेतानं."

"गार हाय, पातळ हाय. आनि काय पायजे मान्साला?"

परतीची एसटी साताऱ्याची होती. मला साताऱ्याला जायचं होतं, त्या दोघांना उंब्रजला उतरायचं होतं. सांगली मागं पडली, इस्लामपूर गेलं, आणि काकी खिडकीला डोकं टेकून झोपली. तोंड उघडं, पदर खांद्यावरून घसरलेला. आठ आठवड्यांत ती पाठ टेकून झोपली नव्हती. कऱ्हाडच्या स्टँडवर केवढा गलका झाला, तरी तिनं डोळे उघडले नाहीत.

"उंब्रज! उंब्रजवालं पुढं या!" कंडक्टर ओरडला.

"हळू वराडा की," काका म्हणाले.

"आवं, तुमालाच उतरायचंय."

"न्हाई उतरत. दोन तिकिटं साताऱ्यापतोर फाडा."

"काका," मी पुटपुटलो, "उठल्यावर काकी मला मारील."

"तुला मारील. मी आजारी हाय."

कंडक्टरनं त्यांच्याकडं पाहिलं, खिडकीकडं पाहिलं, आणि आवाज उतरवून विचारलं, "लय दिसांनी झोपल्यात वाटतं?"

काकांनी नुसती मान हलवली. कंडक्टरनं दोरी हलकेच ओढली. एसटी उंब्रजवरून पुढं निघाली. माझ्या खोलीवर दोन जणांना झोपायला अंथरूण पुरेल का, याचा मी हिशेब करू लागलो.